छपरावरची शाल

१२ नोव्हेंबर
एकदाची किर्गिझस्तानातल्या नारीनला पोचले! शाळेत संगीत शिकवायचं आणि राहायला पाचव्या मजल्यावरचं घर. खिडकीतून नदी आणि पलीकडे बर्फाचे डोंगर दिसतात. बाबांना घर आवडलं असावं. वसंतात आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्यांदा चहा मागितला. खालच्या मजल्यावरच्या बुबूश एजे (इथे थोरल्या बाईला एजे म्हणतात) गरम बोरसोक, म्हणजे तळलेल्या पिठाच्या वड्या, आणि साय घेऊन आल्या. आल्या आल्या टोमणा मारलाच, "म्हाताऱ्याला एवढे जिने चढवतेस होय गं, जिबेक? लिफ्टवालं सासर बघ आता!" बाबासुद्धा हसले.

२७ नोव्हेंबर
थंडी उणे पंचवीसवर गेली. खिडक्यांच्या फटींत कापूस कोंबून वरून कागद चिकटवले. खाली कुणी पाणी सोडलं की आमचं बेसिन तहानलेल्या माणसासारखं गटागट आवाज करतं. न्हाणीघरात सडक्या अंड्यांचा वास येतो. फिनेल ओतून पाहिलं, पण वास काही जात नाही.

४ डिसेंबर
नळ दुरुस्त करणारा उर्मात आला. त्याने सांगितलं, बेसिनखालच्या वाकड्या पाइपात थोडं पाणी कायम साठलेलं असतं, त्यामुळे गटाराची हवा घरात येत नाही. मोठा पाइप छपरावरच्या तोंडातून श्वास घेतो. ते तोंड बंद झालं की तो आमच्या घरातून हवा ओढतो आणि ते पाणीही पिऊन टाकतो. तोंडावर बर्फ धरला असेल म्हणून तो वर गेला. उतरला तेव्हा त्याच्या हातात आईची तपकिरी शाल होती. पाइपाच्या तोंडावर सुतळीने आवळून बांधलेली.

मी बाबांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "तिला थंडी वाजत होती. सारखी म्हणत होती."

उर्मातने मला जिन्यात गाठून बजावलं, "ताई, वास येतोय तोवर ठीक. वास थांबला आणि डोकं जड झालं, तर आधी बाहेर पळायचं. विषारी हवेत नाक आधी मरतं."

९ डिसेंबर
शाल पेटीत ठेवली. छपरावर जाणाऱ्या माळ्याच्या दाराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या गळ्यात. बाबा दिवसभर न्हाणीघराच्या दाराशी बसून असतात. आज वादळ होतं. वारा पाइपात शिरला की हुंकारतो. वाराच तो. पण त्यात दोनदा माझं नाव आलं. बाबांनी माझा चेहरा पाहिला. "तुलाही ऐकू आलं ना, पोरी?" मी नाही म्हटलं.

१३ डिसेंबर
बाबा किल्ली मागतात. मी ओरडले त्यांच्यावर. मग ते रडले. ती काकडतेय, एवढंच म्हणत राहिले. आवाज आता शाळेतही येतो — मुलं गात असतात आणि त्यांच्या सुरांखाली —

१५ डिसेंबर
बेसिन पुन्हा गटागटा पितंय. वास आहे.
माळ्याचं कुलूप तसंच. किल्ली गळ्यात.
पेटी उघडली. शाल नाही.
माझ्या तळहातांची सालं निघाली आहेत, गोठलेल्या लोखंडाला चिकटल्यासारखी. नखांत सुतळीचे धागे. मी कधी गेले — मला आठवत नाही. बाबा तर जागचे हललेले नाहीत —
उद्या उर्मातला बोलावते.

१६ डिसेंबर
वास गेला. गेला एकदाचा. बेसिनही गप्प.
उर्मातला बोलवायची गरज नाही आता. तो काहीतरी म्हणाला होता — वासाबद्दल — डोकं फार जड आहे.
बाबा सकाळपासून झोपलेत. हाक मारली. हलवलं. हात गार आहे त्यांचा.
दार वाजतंय. बुबूश एजे ओरडतायत, "जिबेक! अगं, जिन्यात घाण वास सुटलाय! दार उघड, पोरी!" उठते. पाय उचलत नाहीत — दाराशी जाते —
आई म्हणते, उघडू नकोस गं, थंडी आत येईल. बस इथेच माझ्याजव