सुतकात आलेली सीडी

मंगळवार, संध्याकाळ. सालेकसा.

बाबा आजारी पडण्याआधी मी मागवलेली बासरीची महागडी सीडी आज दुपारी आली. हीच बासरी साध्या सीडीत माझ्याकडे आहेच. पण महागड्या प्रतीत म्हणे पहिल्या सुराआधी वादकाने घेतलेला श्वासही ऐकू येतो.

बाबांची तेरवी अजून व्हायची आहे. तोपर्यंत घरात गाणं-बजावणं नाही, टीव्हीवरसुद्धा चादर टाकली आहे. तरी मी खोलीत जाऊन हेडफोन लावला. दोन्ही सीड्या आलटून पालटून, फक्त तेवढा श्वास. फरक आहे असं वाटलं, मग नाही वाटलं. एवढ्यासाठी एवढे पैसे घातले?

खांद्यावर हात पडला. आत्या होती, डोळे सुजलेले.

"कवाची हाका मारून राहिली मी, बाबू. कानात काय घालून बसला?"

"ऑफिसचा फोन होता."

"मंग साहेबाले सांग ना, बाप मेला म्हणून!"

ओसरीवर ती भावाच्या आठवणीने मोठ्याने रडत होती, हे नंतर कळलं. भिंतीपलीकडेच. मला ऐकू आलं नाही. मी श्वास ऐकत होतो, तोही परक्याचा.

तिने बाहेर सगळ्यांना सांगितलं, "लेकराले दुखातही कामवाले सोडत नाहीत." मग माझ्यासाठी चहा घेऊन आली. मी तो प्यायलो. खरं का नाही सांगितलं?

आणि आता हे लिहितानाही मनात तेच येतं आहे, की तेरवी झाल्यावर स्पीकरवर लावून पाहू, कदाचित फरक कळेल.