कॉम्प्युटर मी बंद केला नव्हता

सावाई बेट,
सोमवार, ११ ऑगस्ट २००८

माझ्या लाडक्या लुपेसिनाला तेलेसिया आजीचा गालाला गाल लावून आशीर्वाद.

आम्ही इकडे देवाच्या कृपेने खुशाल आहोत. डुकरीण व्याली. माझा गुडघा होता तसाच आहे. पास्टरबाई काल नवी टोपी घालून चर्चला आल्या, बायकांनी प्रवचन सोडून टोपीच ऐकली म्हण ना. तू वेळेवर जेवतेस ना? पाय सुजतात का? ऑकलंडच्या थंडीत अनवाणी हिंडू नकोस, आणि जड काही उचलू नकोस. उगीच आपलं विचारलं.

आता मुद्द्याचं लिहिते, नाहीतर डुकरिणीवरच कागद संपायचा. लुपे, मे महिन्यात आपण बोलत होतो तेव्हा कॉम्प्युटर मी बंद केला नव्हता ग. तो आपला आपणच मेला. एवढं तुझ्या कानावर घालायला हा सगळा खटाटोप.

तुला आठवतंय ना, ईस्टरपासून तो असाच करायचा. बोलता बोलता काळोख. मग बटण दाबून मी बसून राहायची, तो म्हाताऱ्यासारखा कण्हत कुंथत उठायचा, आणि तू परत दिसायचीस. त्या दिवशी तू म्हणालीस, "आजी, एक सांगायचंय, ओरडू नकोस हं." मी म्हटलं, "सांग की." आणि पडदा काळा. मी बटण दाबलं, थांबले, पण तू नव्हतीस. दुसऱ्या दिवशी नव्हतीस, पुढच्या रविवारी नव्हतीस. लोक विचारायचे तर मी म्हणायची, "तिला काम फार असतं." आणि घरी येऊन भांडी आपटायची. मला वाटलं, पोरीला तिकडे माणसं मिळाली, म्हातारीचा कंटाळा आला.

मग गेल्या महिन्यात तिकडून मोलीचा तिच्या बापाला, तुझ्या पेनियामिना आजोबांना, फोन आला. ते धावत अंगणात आले. मी नारळ खवत होते. म्हणाले, "वहिनी, लुपे मोलीला काय म्हणाली माहितीय? म्हणाली, मी जिवाभावाचं सांगायला गेले आणि आजीने तोंडावर बंद केलं!"

लुपे, मी इतकी हसले की अर्धा नारळ घरंगळत डुकरांत गेला.

"वहिनी, तुम्हाला नीट ऐकू आलं का?"

"आलं हो भाऊजी! ती रागावलीय! नुसती रागावलीय!"

त्यांनी मागोमाग आलेल्या बायकोकडे असं पाहिलं, जणू माझं डोकं फिरलं. पण तूच सांग. राग म्हणजे पाहुणा, येतो, चार दिवस तोंड फुगवून बसतो, जातो. पण आपल्याला विसरलं माणूस की कुठे शोधायचं त्याला?

भाऊजी म्हणाले, "मग फोन लावू का तिला?" मीच त्यांचा हात धरला. म्हटलं, आधी या डब्याचं काय ते बघा. पुन्हा अर्ध्यात कापलं गेलं तर पोर जन्मात माझं तोंड बघायची नाही. आणि मी बंद केला नाही म्हणून सांगू, पण मग केला कुणी? ते नको का सांगायला?

झालं, भाऊजींच्या अंगात आलं. सगळा जन्म जहाजाच्या इंजिनात गेलेला माणूस. डबा उघडला. आतून पालीची दोन अंडी निघाली. मला वाटलं, सापडला चोर! पंख्यातली धूळ झाडली, आतल्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, वायर बदलली. व्हायरस झाला असेल म्हणाले, त्याचंही औषध दिलं. मग दुपारभर त्याच्यावर पत्ते खेळत बसले. कॉम्प्युटर ठणठणीत! संध्याकाळी ते घरी गेले आणि थोड्या वेळात हा मेला.

दुसऱ्या दिवशी म्हणतात, "वहिनी, माझ्यासमोर तर मरत नाही. तुम्हीच त्याला शिव्या देत असाल."

"शिव्या मी तुमच्यासाठी राखून ठेवल्यात," मी म्हटलं.

असं किती दिवस चाललं. ते दुपारी येत, पत्ते खेळत, माझं खाऊन जात. त्यांना जिंकायचं होतं म्हणून दुरुस्ती लांबवत होते की काय, देव जाणे.

शेवटी परवा मी नारळाच्या दुधात तारोची पानं शिजवून पालुसामी केलं, तू गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि त्यांना जेवायला ठेवून घेतलं. संध्याकाळी प्रार्थनेचा शंख झाला. सगळा गाव गप्प, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मी नेहमीसारखं केलं. टीव्ही बंद केला. कॉम्प्युटर उठायला वेळ लावतो म्हणून तो मी बंद करत नाही, तुझ्या वेळेला तयार असलेला बरा. तू येत नव्हतीस तरी ठेवायचीच. पण देवापुढे दिवे लुकलुकवत बसू द्यायचं का त्याला? म्हणून ईस्टरपासून झाडाच्या सालीच्या कापडाची मोठी घडी त्याच्यावर घालायची, वरून गोधडी, अगदी खालच्या डब्यापर्यंत. प्रार्थना झाली की पडद्यावरचं वर करायचं. डब्याचं तसंच. डब्यात काय बघायचंय?

तर आम्ही डोळे मिटून बसलो. कुठे चिटपाखरू नाही. आणि त्या शांततेत मेजाखालून घोंऽऽ घोंऽऽ आवाज. वाढतच चाललेला. भाऊजींनी एक डोळा उघडला. मला कसं कळलं? माझाही एक उघडा होता.

आमेन झाल्या झाल्या म्हणाले, "वहिनी, खाली कोण कण्हतंय?" गोधडी उचलली, डब्याला हात लावला नि झटकन मागे घेतला. "अहो, उमू लावलीत की हो! तापल्या दगडांवर पानं घालावीत तसं झाकलंय! आत तारोचा कंद ठेवला असता तर शिजला असता!" म्हणे आतली गरम हवा बाहेर पडायला मागे जाळी असते, ती कोंडली की तो आपला जीव वाचवायला स्वतःच मरतो. दुपारी कापड पेटीत असतं, म्हणून त्यांच्यासमोर काही व्हायचं नाही.

माझा काही विश्वास बसेना. म्हटलं, पुन्हा झाकून दाखवा. झाकला. बोलता बोलता मेला. उघडा ठेवला, तर निजेपर्यंत चालला. काल पुन्हा तसंच, झाकला नाही, मेला नाही. मी टाळ्या वाजवून नाचले ग, गुडघ्यासकट. भाऊजी ओरडले, "वहिनी, रविवार आहे!" म्हटलं, असू दे. पास्टरबाईंना विचारलं, उघड्या कॉम्प्युटरसमोर प्रार्थना चालेल का. त्या म्हणाल्या, "तोंड भिंतीकडे फिरवा त्याचं."

आता राहिलं ते लिहिते. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले, कारण हे कसं लिहावं कळेना. मोलीने सगळं सांगितलंय. पोरी, त्या दिवशी मी ऐकलंच नाही म्हणून काही बोलले नाही. ऐकलं असतं तर ओरडले असते. खोटं कशाला लिहू? लग्न नाही, काही नाही, आणि पोरगा परक्या टोंगा बेटांचा! थोडा वेळ ओरडले असते, मग रडले असते, मग कितवा महिना विचारलं असतं. ओरडणं आणि रडणं इथेच आटोपून घेतलंय, तुझ्या वाट्याला ठेवलं नाही. आता फक्त महिना सांग. आणि त्या टोंगावाल्याला सांग, माझ्यासमोर यायचं तर पोटभर जेवायची तयारी ठेव. त्यांचे लोक आमच्यापेक्षा जास्त खातात अशी बढाई मारतात, बघतेच.

बाळंतपणानंतर वाईसालो कोण करून देणार तुला? कोवळ्या शहाळ्याची ती पेज दुकानात मिळत नाही, मिळाली तरी तिला चव नाही. मी येते. पासपोर्टासाठी फोटो काढलाय, त्यात मी पोलिसांनी धरल्यासारखी दिसते. विमानाची भीती वाटते, पण भाऊजी म्हणतात डोळे मिटून बसायचं. तुझा निरोप आला की तिकीट काढतात. नको म्हणालीस तर नाही काढणार. नको म्हणू नकोस.

पत्र भाऊजींच्या हाती देते, ते गुरुवारी तिकडे मोलीला भेटायला निघतायत. वाचलंस की त्यांच्यासमोरच हसून दाखव, म्हणजे मला येऊन सांगतील.

खाली सही करताना हात थांबला. आजवर एकच लिहीत आले, आज पहिल्यांदा दोन लिहिते.

तुझी आजी,
आणि त्याची किंवा तिची पणजी,
तेलेसिया