माझ्या खोलीचा गारवा आणि जावईबापूंची बिअर

तीर्थरूप अक्का,

धाकट्या भावाचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला, त्याची माफी असावी. आळस केला असं मनात आणू नकोस. पत्र लिहायला बसलो की जावईबापू खोलीत येतात, भिंतीला तळहात लावतात, मान डोलावतात आणि निघून जातात. अशात माणसानं मोकळं लिहायचं कसं? आज ते ऑफिसात आणि लेक बाजारात, म्हणून कडी लावून बसलोय. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस, की बाटली नुसती उशाशी ठेवून बरं वाटण्याची वाट बघतेस? मी बरा आहे. खोकला आहे, पण तो जुना आहे, घरातल्याच माणसासारखा झालाय. एखाद्या सकाळी आला नाही तर मलाच चुकल्यासारखं वाटतं.

आता भिंतीचं सांगतो. ही गेल्यापासून लेकीकडे मला जिन्यामागची खोली आहे. तिथे ऊन वर्षभर फिरकत नाही. भिंत एवढी जाड की खिळा ठोकायला गेलो तर खिळाच शरण येतो. आल्या दिवसापासून मी सांगतोय की या खोलीत मी गारठून मरेन. रोज चहाबरोबर सांगतो, म्हणजे विसर पडायला नको. कुणी लक्ष दिलं नाही. (लेक म्हणायची, "बाबा, स्वेटर घाला." जसं काही स्वेटर हे माझ्या बुद्धीच्या पलीकडचं होतं.) आणि गेल्या महिन्यात एकाएकी तीच लेक माझ्या पायाशी बसून लाडीगोडीनं म्हणते, "बाबा, वरच्या खोलीत ऊन किती छान येतं, नाही?" अक्का, मी लगेच सावध झालो. वरच्या खोलीत मोडकं शिवणयंत्र आणि न लागणाऱ्या गाद्या ठेवतात. न लागणाऱ्या वस्तूंची जागा ती. आणि माझे पाय असे, की एकदा वर चढलो तर खाली मला चौघंच आणतील.

त्या दिवसापासून माझी खोली मला एकदम आवडायला लागली. गारठ्याचा शब्द काढायचा बंद केला. नुसता बनियन घालून बसायला लागलो, आणि कुणाची चाहूल लागली की पेपरानं वारा घ्यायचो. मग एकदा चष्मा शोधताना कपाटामागे थर्मामीटर टांगलेला सापडला! आधी वाटलं, माझा ताप चोरून मोजतात. पण ताप काखेत मोजतात, कपाटामागे नाही, एवढं मलाही कळतं. म्हणजे खोलीचा ताप. मग मीही रंगाच्या कारखान्याच्या गोदामात, येणारा माल तपासण्यात जन्म काढलेला माणूस. थर्मामीटर गरम पाण्याच्या पिशवीला टेकवून ठेवला. जावईबापूंनी तो पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी नवा आणून उंचावर लावला.

आता पुढचं बसून वाच. जावईबापू घरात बिअर करतात. होय. बँकेत हिशेब तपासणारा, तोंडात सुपारीचं खांड नसलेला माणूस. सोबतीला त्यांचा मित्र, दातांचा डॉक्टर. (दिवसभर लोकांना गोड खाऊ नका म्हणायचं आणि सुट्टीच्या दिवशी कडू उकळायचं, एका अर्थी धंद्याला धरूनच आहे.) मोड आणून वाळवलेले जव गरम पाण्यात भिजवतात, गाळतात, त्यात कसल्याशा वेलीची फुलं टाकून उकळतात, गार करून आंबायला पिंपात भरतात, आणि मग दोघं आतली बुडबुड ऐकायला त्या पिंपाला कान लावून बसतात. हिला दिवस राहिले होते तेव्हा मीही एवढा कान लावला नव्हता. या बिअरला पिल्सनर म्हणतात आणि ती जर्मन पद्धतीची आहे. पद्धत जर्मन, पातेलं मात्र आपल्या लेकीच्या लग्नातलं.

तर परवा मला बाहेर बोलावलं. टेबलावर उंच ग्लास. "बाबा, तुम्ही तोंडावर खरं बोलता, म्हणून पहिला घोट तुमचा," असं जावईबापू म्हणाले. ज्या घरात चहात दुसरा चमचा साखर मागून मिळत नाही, तिथे एवढा आग्रह! बोकडाला चारा का वाढला हे बोकडानं विचारू नये, पण मी विचारलं. लेक म्हणाली, "बाबा, प्रत्येक गोष्टीत काय हो संशय!" म्हणजे संशयाला जागा होतीच.

तू रागावशील, म्हणून स्पष्ट लिहितो: मी प्यालो नाही, तपासली. दोन्हींत फरक आहे. गुळणी करून थुंकायचा माझा विचार होता, पण डॉक्टर म्हणाले, "बाबा, बिअर गिळूनच पारखतात. तिचा कडूपणा घशात कळतो." मी म्हटलं, "तुमच्या खुर्चीत बसवलंत की थुंका थुंका करता, आणि इथे गिळा?" ते हसले. जो माणूस टोमण्यावर हसतो त्याच्यापासून जपून राहावं.

आधी रंग बघायचा. वाळल्या गवतासारखा फिका पिवळा, आणि इतका नितळ की ग्लासाआडून जावईबापूंचा आशाळभूत चेहरा स्पष्ट दिसत होता. वर पांढरा दाट फेस, तो बसेचना. (रंगाच्या कारखान्यात फेस येणारा डबा मी कधी आत घेतला नाही. ग्लासाला साबण राहिला असावा, असं मी म्हणालो. लेकीनं पाठ फिरवली.) मग वास. पावाच्या भट्टीशेजारी कुणी ताजं गवत कापावं, तसा. त्यात मागे कुठे फूल, कुठे किंचित मिरी. मग घोट. अक्का, कडू होती. पण एखादा पाहुणा येतो, चार कडू शब्द बोलतो आणि चहाला न थांबता निघून जातो, तशी कडू. मागे तोंड स्वच्छ, कोरडं. आणि दुसरा घोट कधी झाला ते माझं मलाच कळलं नाही. खरं सांगायचं तर चांगली होती.

पण गोदामात माझा एक नियम होता: पहिला नमुना नापास. माल कसाही असो. पहिल्या फेरीत पास झालेला व्यापारी दुसऱ्या फेरीला डब्यात पाणी घालतो. शिवाय मी चांगली म्हटलं, की हे आणखी पिंपं भरणार आणि ती ठेवायला जागा मागणार, हे मला दिसत होतं. म्हणून नाक वर केलं आणि सुचेल ते बोललो. म्हटलं, "काडी ओढून विझवल्यासारखा वास येतो."

वाटलं होतं, चेहरा पडेल, पिंप मोरीत ओततील, प्रकरण मिटेल. कसचं काय! दोघांनी माझ्या हातातला ग्लास हिसकून हुंगला. जावईबापूंचे डोळे भरून आले. "गंधक! बाबा, काय नाक आहे तुमचं!" डॉक्टर माझ्या नाकाकडे असे बघायला लागले की मी रुमाल काढला. तो वास खरोखरच होता की माझ्या सांगण्यावरून त्यांना यायला लागला, देव जाणे. मी तर सहज बोललो होतो. मग डॉक्टरांनी समजावलं, की ही बिअर कच्ची उतरवली की असा गंधकाचा वास राहतो, आणि त्यावर उपाय एकच: ती आणखी कितीतरी आठवडे गारठ्यात मुरवायची. फ्रिजमध्ये पिंप मावत नाही.

मग सगळ्यांनी हळूहळू जिन्यामागच्या दाराकडे पाहिलं. मीसुद्धा पाहिलं.

तर अक्का, माझ्याच तोंडानं मी माझी खोली घालवली. मी म्हटलं, तिथे उकडतं हो. जावईबापू इतक्या प्रेमानं म्हणाले, "बाबा, तुम्हीच तर रोज सांगायचात." येत्या रविवारी पिंप आत आणि मी वर. गादीला ऊन दाखवून झालंय. मी काय करावं ते तूच सांग. लहानांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. – या पत्राबद्दल लेकीला फोनवर बोलू नकोस. ती फोन दुसऱ्या खोलीत नेऊन बोलते, त्यातही काहीतरी आहे.

ता. क. – विचारायचं राहिलं. तुझ्या घराची मागची, दोन पायऱ्या उतरून खाली असलेली खोली अजून तशीच गार आहे का? मी जावईबापूंना काल सहज म्हटलं, की माझ्या खोलीपेक्षा तिथे दुप्पट गारठा असतो. ते खूश झाले. म्हणाले, आत्याबाईंनी होकार दिला तर बाबांना हलवायला नको. पिंपाचा आवाज नाही, खाणं नाही, तुझ्या पूजेच्या वेळी ते मधे येणार नाही. वर चादर टाकलीस तर कुणी विचारणारही नाही.

ता. क. – पिंपाबरोबर मीही येईन म्हणतो. मुरणाऱ्या मालावर जाणतं माणूस लागतं, आणि दुसरा नमुना पास करायचा की नाही हे मलाच ठरवायचं आहे. हे बोललो तेव्हा लेक आणि जावईबापू एकमेकांकडे बघून हसले. लेकीनं लगेच माझी बॅग काढून पुसली. अक्का, मी तिकडे आलो तर इकडे माझी खोली मोकळी पडते. यांचा पहिल्यापासून हाच बेत होता की काय? रविवारच्या आत कळव गं, हवं तर कुणाच्या हाती निरोप दे, पण कळव.