नवसाची खिचडी

मंगळवार, संध्याकाळ. राजेंद्र नगर.

वजन कमी करायच्या ऑपरेशनला अजून नऊ दिवस. तोवर फक्त पातळ घ्यायचं, नाहीतर तारीख पुन्हा पुढे जाईल. एकदा गेलीच आहे. आता गेली तर मी वेडी होईन. सासूबाईंना ऑपरेशनचं सांगायची हिंमत नाही, म्हणून नवसाचा उपास आहे असं ठोकून दिलं. आज त्या साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या.

"नुसत्या पाण्यावर कसला गं उपास? खा, ही चालते."

समोरच बसून राहिल्या. ती खिचडी... तूप, दाणे, वर लिंबू. एकच चमचा म्हणून घेतला आणि प्लेट चाटूनपुसून साफ केली. का केलं मी असं? रडूच फुटलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला.

"काय मागितलंस बेटा देवाकडे?"

तोंडात शेवटचा घास होता. गिळवेना, थुंकवेना.