चांगलं कुठवर आहे

रविवार, संध्याकाळ. हट्टा.

मी चालवलेल्या प्रार्थनेनंतर गावातल्या कौसाबाईंनी विचारलं, "भाऊ, येशू सोडवायला आला म्हणता. पण मरण देवानंच केलं न्हाई का? मग सोडवायचं कशातून?"

मी म्हणालो, ते उत्पत्तीत आहे, बायबलच्या पहिल्याच पुस्तकात. देवाने सगळं चांगलं केलं होतं. मरण नंतर आलं, माणसाने त्याचं ऐकलं नाही म्हणून. त्यासाठीच तर ख्रिस्त यावा लागला.

त्यांनी पिशवीतून पातळ नवा करार काढला. "ह्याच्यात तर न्हाई ते."

नसणारच. तो मीच दिलेला. नव्या माणसाला जाड पुस्तकाची भीती वाटते, म्हणून इतकी वर्षं सगळ्यांना पातळच देत आलो. सुरुवात नसलेलं, बायबलचा नुसता शेवटचा भाग.

मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजे माझ्या लेकीला देवानं न्हाई नेलं? तिच्या मातीला तर तुमीच म्हणले, देवानं नेलं. काहून म्हणले?"

म्हणालो होतो. सगळेच म्हणतात. सांत्वनाची घाई होती, की दुसरं काही सुचलंच नाही? ज्याने लेक नेली असं मी सांगितलं, त्याच देवापुढे ही बाई वर्षभर गुडघे टेकत होती.

माफी मागितली. त्या माझं जाड बायबल पुढे ओढून म्हणाल्या, "चांगलं कुठवर हाय, तिथं खूण करून द्या."

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी चिठ्ठी घातली; तिसऱ्यात माणूस देवाचं ऐकत नाही. चिठ्ठीच्या आधीची पानं त्यांनी बोटांत धरून पाहिली.

"एवढंच व्हय?"

उरलेलं सगळं पुस्तक ते चांगलं परत मिळवण्याचं आहे, असं सांगायचं होतं.