निधीच्या बाहुल्या

आई, तुझ्या पाया पडते.

इथं आम्ही बरे आहोत. तू पाठवलेले तांदूळ अजून आहेत. तुझा गुडघा कसा आहे? दशरथदादा तेल आणून देतो ना?

निधीला दुसरीत आपल्या कुडाळकडच्या बाहुल्या शिकवतायत, दोरीवर नाचवायच्या. मला खूप बरं वाटलं. बाईंनी सांगितलं, घरातली माणसं करून आणा. पप्पाच्या बाहुलीला मी ह्यांच्याच निळ्या शर्टाची चिंधी दिली. तिथंच चुकलं.

काल बाईंनी बोलावून मला निधीचा खेळ दाखवला. पप्पाची बाहुली आईच्या बाहुलीला आपटते आणि म्हणते, "आवाज काढलास तर गळा दाबीन." शब्द सगळे ह्यांचेच. पोरं हसत होती. बाई हळूच म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "टीव्हीवर बघते ओ ती."

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी हा खेळ आईबापांसमोर आहे. हे येणार म्हणालेत. शर्ट ओळखतील. मी निधीला म्हटलं, दुसरं काहीतरी कर ना. ती म्हणाली, "मग आजी कशी येणार?"

शेवटी तुझी बाहुली येते गं, तुझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याची. दार वाजवते आणि म्हणते, "चला गो, घराक जावया."

फोन करू नको, हे माझा फोन बघतात. हे पत्र शेजारची बेला टाकेल. त्या शनिवारच्या आधी दशरथदादाला घेऊन ये.

तुझी अनू