पप्पांचा पापड

मिताली बाळा,

आज माझा सोमवार आहे. महादेवाला पाणी घालून तशीच भावेशकाकांना आणायला वाशिंद स्टेशनवर जाते. पेज झाकून ठेवली आहे.

पप्पांच्या किडनीला मीठ चालत नाही म्हणून तू प्रत्येक पाकिटाच्या मागे मीठ किती लिहिलंय ते आधी वाचतेस. शाळेत शिकलीस आणि मलाही शिकवलंस. मी तर वेफर्सवर 'उपवासाचे' एवढं वाचून निर्धास्त होते. पप्पा म्हणायचे, "घरात इन्स्पेक्टर आलाय गो, आता नाय सुटका!" पण तू नको म्हटलेलं पाकीट त्यांनी कधी उघडलं नाही.

आज सकाळी त्यांनी पापड मागितला. पाकीट फळीवर आहे, भाजून दे. लोणचं मागितलं तर तेही दे. मागचं काही वाचू नकोस. काल हॉस्पिटलमधून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, आता त्यांना आवडेल ते खाऊ द्या.

का, ते त्यांना विचारू नकोस. मी आल्यावर तुला जवळ घेऊन सांगेन. तू इतके दिवस वाचलंस ते वाया गेलं नाही, बाळा. त्यांच्या शेजारी बसून एक पापड तूही खा.

आई